किबालेचं रान

शनिवार : मुंबई ते एंटेबी

युगांडाला जायचं ठरलं की सगळ्यात आधी पिवळ्या तापाची लस. लस घेतल्याचं पिवळं कार्ड एंटेबीच्या विमानतळावर दाखवावं लागतं आणि परत आल्यावर मुंबईतही तेच मागतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि टोचून दहा दिवस झाल्याशिवाय कार्ड ग्राह्य धरत नाहीत. तिकिटं काढण्याच्या आधी तिची तारीख घेतलेली बरी. एकदा टोचली की मात्र जन्मभर पुरते.

माझा भाचा कंपालात नोकरीला आहे. "मावशी, एकदा ये तर खरी," असं तो केव्हापासून म्हणत होता. युगांडाला जाणारे बहुतेक लोक डोंगरी गोरिला बघायला ब्विंडीला जातात. मला किबालेला जायचं होतं. शाळेत जीवशास्त्र शिकवत असताना चिंपांझींविषयी जे काही वाचनात यायचं, त्यात हे नाव सतत भेटायचं. पश्चिम युगांडातलं हे वर्षावन आठशे चौरस किलोमीटरपेक्षाही थोडं कमीच आहे. पण त्यात प्रायमेट गणातल्या, म्हणजे माकडं-वानरांच्या गणातल्या, १३ जाती राहतात आणि दीड हजाराच्या आसपास चिंपांझी आहेत. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही जंगलात इतके नाहीत.

दुसरं कारण घरचं. गुहागरच्या बाजूला आमचं आगर आहे; नारळ, सुपारी आणि थोडी आंब्याची कलमं. वानर-माकडांपायी काय होतं ते आम्ही रोज बघतो. पाणी धरलेली शहाळी पोखरून खाली टाकलेली असतात, मोहोर झडलेला असतो, भाजी तर परसात लावायचीच सोय उरलेली नाही. त्यामुळे जंगलाइतकीच जंगलाच्या कडेला राहणारी माणसंही मला बघायची होती.

विमान व्हिक्टोरिया सरोवरावर घिरटी घालून उतरतं. घड्याळं अडीच तास मागे घेतली आणि हातात संध्याकाळ शिल्लक होती म्हणून सरोवराकाठच्या वनस्पती उद्यानात गेलो. १८९८ साली ही बाग आखली, तेव्हा मूळ जंगलाचा एक तुकडा तसाच ठेवला होता. तिथेच काळे-पांढरे कोलोबस दिसले. अंगावरून रुळणारी पांढरीशुभ्र झालर, शेपटीचा पांढरा गोंडा. आमच्या यजमानांनी कॅमेरा काढेपर्यंत सगळा कळप एका झाडावरून दुसऱ्यावर गेलासुद्धा. या माकडांना अंगठा जवळजवळ नसतोच. फांदीवरून फांदीवर झेपावताना चार बोटांचा आकडा पुरतो.

रविवार : एंटेबी ते किबाले

दिवसभराचा रस्ता. कंपाला सोडल्यावर मित्याना, मुबेंडे, क्येंजोजो करत फोर्ट पोर्टल. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. दोन्हीकडे केळी, मका, कसावा आणि लाल माती. ती माती बघून आम्हां दोघांना एकदमच घर आठवलं.

मुबेंडेला थांबून 'रोलेक्स' खाल्लं. तव्यावर कांदा-टोमॅटो घातलेलं ऑम्लेट आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली चपाती. ही चपाती आपल्याकडच्याच लोकांबरोबर इथे आली. मोंबासाहून आत येणारी रेल्वे बांधायला १८९६ पासून हजारो भारतीय मजूर आणले गेले, त्यांच्यामागून व्यापारी आले, त्यातले बरेच गुजराती. १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन या सगळ्यांना हाकललं. घरं, दुकानं, कारखाने सोडून माणसं गेली. १९८६ नंतर काहीजण परतले. चपाती मात्र कुठेच गेली नव्हती. आज ती युगांडाच्या प्रत्येक नाक्यावर मिळते आणि तिथली मुलं ती आपलीच म्हणून खातात.

फोर्ट पोर्टलच्या अलीकडे चहाचे मळे सुरू होतात. गाव पंधराशे मीटर उंचीवर आहे, हवा थंड. तिथून दक्षिणेला कामवेंगेच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळाने शेती संपते आणि किबाले सुरू होतं, मध्ये काही नाही. उन्हातून एकदम सावलीत गेल्यावर ड्रायव्हरने आपणहून वेग कमी केला. रस्त्याच्या कडेला बबून बसले होते आणि गाडीतून कोणी काही टाकतंय का बघत होते. काही टाकू नये. खाऊच्या आशेने रस्त्यावर बसणारं जनावर कधीतरी चाकाखाली येतं. आपल्या घाटांतली माकडं रोज तेच सांगत असतात.

सोमवार : बिगोडी

जंगलाच्या अगदी कडेला बिगोडी नावाचं गाव आहे आणि गावाला लागून मागोंबे ही दलदल. १९९२ साली गावकऱ्यांनी संस्था काढून दलदल राखायला घेतली. तिथे फिरवतात गावचेच वाटाडे, आणि येणारा पैसा गावातच राहतो. त्यातून माध्यमिक शाळा उभी राहिली. मास्तरकीत जन्म गेलेल्या बाईला दाखवायला याहून चांगली गोष्ट नाही. वाटाड्या आम्हांला आधी शाळेवरूनच घेऊन गेला.

इथे एक फार गोड चाल आहे. तोरो लोकांत प्रत्येकाला स्वतःच्या नावाखेरीज एक 'एम्पाको' असतं. ठरलेली डझनभरच नावं: अमूती, अब्वोली, अकीकी, अतेन्यी, अशी. भेटल्यावर आधी एकमेकांचं एम्पाको विचारायचं आणि त्याच नावाने हाक मारायची. त्यात माया आणि मान दोन्ही येतात, आपण अनोळखी बाईला ताई म्हणतो त्यात येतात तसे. आम्हांला विचारलं तेव्हा आमच्याकडे अर्थात नव्हतं. वाटाड्याने तिथल्या तिथे दिलं. मी अब्वोली झाले, हे अकीकी. पुढचे सगळे दिवस किबालेत मला याच नावाने हाक आली.

दलदलीत पपायरसचं दाट रान आहे, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारं, आणि मधून लाकडी फळ्यांची वाट. पहिल्या अर्ध्या तासात तांबड्या शेपटीची माकडं दिसली. त्यांच्या काळ्या तोंडावर नाकाच्या जागी बदामाच्या आकाराचा पांढरा ठिपका असतो. मग मांगाबे नावाची माकडं आणि शेवटी जिची मी वाट बघत होते ती जात, तांबडे कोलोबस. ही जात धोक्यात आहे आणि तिची जगातली सर्वांत मोठी वस्ती किबालेतच उरली आहे. डोक्यावर तांबूस टोपी, अंगाने राखी, पोट मोठं. पाला पचवायला कप्प्याकप्प्यांचं जठर लागतं, त्याचं ते पोट. वीस-पंचवीस जण एका झाडावर कोवळी पानं ओरबाडत होते आणि त्यांच्यातच तांबड्या शेपटीची माकडंही निवांत वावरत होती. दोन जातींनी एकत्र चरलं की शिकाऱ्यावर नजर ठेवणारे डोळे वाढतात.

वाटेत मोठा निळा टुराको दिसला. कोंबड्याहून मोठा, निळा पक्षी, पिवळ्या-तांबड्या चोचीचा. ह्यांनी त्याच्यापुढे माकडांना विचारलंही नाही.

दुपारी वाटाड्याच्या ओळखीने एका मक्याच्या शेतावर गेलो. जंगल शेताच्या बांधापाशीच संपतं. शेतमालकीणबाई माझ्याच वयाच्या. मका दुधात आला की घरातलं कोणी ना कोणी दिवसभर राखणीला बसतं, बहुतेक वेळा मुलं, आणि मग शाळा बुडते. दिवसा बबून आणि तांबड्या शेपटीची माकडं, रात्री हत्ती. हत्तींसाठी काही ठिकाणी सीमेवर चर खणलेत. काही ठिकाणी सीमेलगत चहा लावलाय, कारण हत्ती चहा खात नाहीत. पण चहाला भांडवल लागतं आणि दोन-तीन एकरवाल्याला खायला मकाच लागतो. उद्यानाच्या प्रवेश शुल्कातला वीस टक्के वाटा आसपासच्या गावांना मिळतो. तो रस्त्याला, शाळेला, दवाखान्याला जातो. ज्याचं शेत एका रात्रीत गेलं त्याच्या हातात त्यातून काही पडत नाही.

आणखी एक गोष्ट इथे आल्यावर लपून राहत नाही. किबालेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९९३ साली मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी दक्षिणेकडच्या पट्ट्यात वसलेल्या हजारो माणसांना तिथून उठवण्यात आलं. १९७० च्या दशकातल्या अंदाधुंदीत जमिनीच्या शोधात आलेली ही कुटुंबं दीड-दोन दशकं तिथे शेती करत होती. आज त्या जागी पुन्हा झाडं लावून जंगल उभं केलंय, आणि ते चांगलं वाढलंय. आम्ही जे जंगल डोळे भरून बघतो, त्याचा हा भाग कोणाचं तरी घर होता. कोयनेकाठची माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यावर वेगळं काही सांगायला नको.

मंगळवार : कन्यांचू

चिंपांझींचा दिवस. सकाळी साडेसातला कन्यांचूच्या केंद्रावर पोचलो. एका रेंजरबरोबर सहाजण. आमच्या रेंजरबाईंचं एम्पाको अमूती. पायात गमबूट, खांद्याला बंदूक. बंदूक हत्तींसाठी, आणि तीही हवेत बार काढायला.

निघण्याआधी अमूतींनी नियम सांगितले. सर्दी-खोकला असेल तर आत्ताच सांगा, आत नेणार नाही. चिंपांझी दिसले की तोंडावर मास्क. दहा मीटरचं अंतर. ते स्वतः जवळ आले तर आपण मागे सरायचं. खायचं नाही, थुंकायचं नाही, फ्लॅश नाही. अंगावर धावून आला तर पळायचं नाही, एकत्र उभं राहायचं. आणि भेट एक तासाची.

मास्कचा नियम ऐकून गटातल्या एकाने कुरकुर केली, तेव्हा अमूतींनी जे सांगितलं ते मी आधी वाचलेलं होतं. पण त्यांच्या तोंडून, त्या जागी ऐकताना अंगावर आलं. याच जंगलाच्या उत्तर भागात कन्यावाराला २०१३ साली एका चिंपांझी समूहात खोकल्याची साथ आली. ५६ पैकी ५ दगावले. विषाणू निघाला माणसाच्या साध्या सर्दीचा, ऱ्हायनोव्हायरस सी. मग २०१६ च्या अखेरीस मध्यभागातल्या न्गोगोला दुसरा मानवी विषाणू पोचला आणि २५ चिंपांझी गेले. आपल्या लहान मुलांचं नाक दोन दिवस वाहतं आणि थांबतं, कारण माणूस या विषाणूंबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिला आहे. त्यांचं शरीर आपल्याइतकंच या विषाणूंना घर देतं, फक्त त्याला त्यांची ओळख नसते. कुरकुर करणाऱ्याने मास्क तिथेच लावला.

पायमोजे पँटवर ओढून घेतले, कारण सफारी मुंग्यांची रांग ओलांडावी लागते आणि त्या चावल्या की सोडत नाहीत. आत गेल्यावर पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही, डोळ्यांना अंधार सरावावा लागतो. बुंध्यापासून चहूकडे फाकलेली, पातळ, उभी, माणसाच्या उंचीची मुळं. वेली. खाली रोबस्टा कॉफीची झुडपं. हो, इथे ती रानटी वाढते, हेच तिचं मूळ घर. अमूतींनी खाली पडलेलं एक पिवळं फळ उचलून दिलं. झाडाचं नाव सांगितलं तेव्हा मी थांबलेच. मिम्युसॉप्स. आपल्या बकुळीचं गोत्र. तिचे इथले भाऊबंद जंगलाच्या छतापर्यंत जातात आणि फळांच्या दिवसांत चिंपांझी त्यांवर ठाण मांडतात.

चिंपांझी रोज संध्याकाळी नव्या फांद्या वाकवून झोपायला घरटं करतात. ट्रॅकर आदल्या संध्याकाळी घरट्यांची जागा बघून ठेवतात आणि पहाटे, ते उठायच्या आत, तिथे हजर होतात. मग बिनतारी यंत्रावरून खबर येते. आमची खबर पाऊण तासाने आली. वाट सोडून आत शिरलो.

आधी आवाज आला. खोल घशातून 'हू… हू… हू…' असा सुरू होऊन चढत जातो आणि शेवटी किंकाळीत फुटतो. एकाने सुरुवात केली की दुसरीकडून उत्तर, मग तिसरीकडून. त्यात मध्येच धाड, धाड, धाड. कोणीतरी त्या उभ्या मुळांवर हातापायांनी ढोल वाजवत होतं. जंगलात एकमेकांपासून पांगलेल्या टोळ्यांना कोण कुठे आहे हे यातून कळतं. एका समूहातले शंभरावर चिंपांझी कधीच एकत्र फिरत नाहीत. सकाळी पाच, दुपारी बारा, संध्याकाळी पुन्हा तीन, अशी त्यांची फूट आणि मेळ दिवसभर चालू असते.

पहिले चिंपांझी दिसले ते तीस मीटर वर, एका अंजिराच्या झाडावर. आपल्या उंबराच्या जातीचं झाड, फांदीफांदीला फळं. खालून दिसत होते ते काळे हात, लाल-पिवळी फळं आणि मधूनमधून एखादं लोंबतं पाऊल. चोथा तोंडात धरून चोखतात आणि मग थुंकतात, तो आमच्या आजूबाजूला पडत होता. मान दुखून आली. एवढंच बघायला मिळणार असेल तरी चालेल, असं मी ह्यांना म्हटलं.

आणि मग ते उतरायला लागले. एकामागून एक, खोडाला धरून, न बिचकता. आमच्याकडे एकदा बघितलं आणि आपल्या कामाला लागले. एक दांडगा नर आमच्या समोर पाठ करून बसला, दुसऱ्याने त्याच्या पाठीतले केस दोन्ही हातांनी विंचरून बघायला सुरुवात केली. बोटांची नखं मला स्पष्ट दिसत होती. तिसरा उताणा पडून एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकून वर बघत राहिला. एक आई आली. तिच्या पोटाला लहानगं चिकटलेलं आणि मागून पाच-सहा वर्षांचं मोठं पोर. चिंपांझी मादीला पाच-सहा वर्षांतून एकदा मूल होतं. ते मोठं पोर अजून तिच्याच पाठोपाठ होतं.

थोडी दूर एक म्हातारी होती. केस विरळ, तोंड सुरकुतलेलं, हालचाल सावकाश. न्गोगोच्या मादींवरचा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यातही पन्नाशीच्या सुमाराला रजोनिवृत्ती येते आणि त्यानंतरही त्या जगतात, हे त्यात संप्रेरकं मोजून दाखवलं आहे. तोवर रानातल्या प्राण्यांमध्ये हे माणसाखेरीज काही जातींच्या देवमाशांतच माहीत होतं. ती म्हातारी पानं खात होती आणि मी तिच्याकडेच बघत राहिले. बाकीच्यांचे कॅमेरे नरांवर होते.

मग दिसली ती मादी. चार पायांवर चालताना चिंपांझी बोटांची मागची पेरं जमिनीला टेकवतात. ही उजवीकडे मनगटावर चालत होती. पंजाच नव्हता. अमूतींनी हळू आवाजात सांगितलं: तारेचा फास. लोक रानडुक्कर आणि छोट्या हरणांसाठी लावतात, चिंपांझी त्यांना नकोच असतो. पण तार हात ओळखत नाही. चिंपांझी जोर लावून तार तोडतो, फास मात्र मांसात रुतत जातो आणि महिन्यांनी हात झडतो. किबालेत असे हात गेलेले, बोटं वाकडी झालेले अनेक आहेत. फास काढत फिरणारी पथकं १९९७ पासून रोज रान पिंजत आहेत.

आमच्याकडे याला फासकी म्हणतात. डुकरासाठी लावतात आणि बिबट्या अडकतो, हे आमच्या पंचक्रोशीत दरवर्षी घडतं. मी ते ऐकून घेते, हळहळते आणि पुढच्या कामाला लागते. इथे ती समोर बसली होती. तिने कोपर फांदीला अडकवून स्वतःला वर ओढलं, डाव्या हाताने फळ तोडलं, पायाने धरलं आणि खाल्लं. तिच्या पाठीवर पोर होतं.

शेवटच्या दहा मिनिटांत एका नराचे अंगावरचे केस उभे राहिले. तो दुप्पट दिसायला लागला. एक वाळकी फांदी घेऊन ती फरफटत सगळ्या टोळीतून धावला, मुळांवर लाथा घातल्या आणि आमच्या बाजूने वळला. अमूती म्हणाल्या, "अब्वोली, हलू नका." मी ह्यांचा हात धरला. तो दोन हातांच्या अंतरावरून गेला. वास आला, घामाचा, माणसाच्या घामासारखाच पण तीव्र. बाकीचे किंचाळत बाजूला झाले, मग जाऊन त्याचे केस विंचरू लागले.

तास संपला तेव्हा कोणी तक्रार केली नाही.

परतताना मी अमूतींना विचारलं, हे पळून कसे जात नाहीत? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माणसं रोज त्यांच्या मागे फिरली. आधी नुसती पाठ दिसायची, मग दूरवर बसलेले दिसायचे. काही न देता, काही न घेता, वर्षानुवर्षं रोज जायचं, तेव्हा कुठे ते दुर्लक्ष करू लागतात. आम्हांला जे मिळालं ते त्या वर्षांचं फळ. पण जो चिंपांझी माझ्यापासून पळत नाही, तो भाला घेऊन आलेल्यापासूनही पळणार नाही, आणि खोकणाऱ्यापासूनही नाही. आपण त्यांची भीती काढून घेतली, तर राखण करणं हे मग आपलं कायमचं देणं झालं. अमूती आणि त्यांचे ट्रॅकर ते रोज फेडत आहेत. परमिटच्या अडीचशे डॉलरवर आम्ही घरी आधी बरंच बोललो होतो. त्या दिवसानंतर तो विषय निघाला नाही.

दुपारी केंद्रावर बसून चहा घेताना न्गोगोच्या गोष्टी निघाल्या. १९९५ पासून तिथे अखंड निरीक्षण चालू आहे. जगात माहीत असलेला सर्वांत मोठा चिंपांझी समूह तिथला होता, दोनशेच्या घरात. तिथले नर रांगेने, एक शब्द न काढता सीमेवर गस्त घालतात. वर्षानुवर्षं शेजारच्या समूहातल्यांना मारून त्यांनी २००९ मध्ये त्यांचा मुलूख आपल्यात जोडून घेतला. पुढे हाच समूह आतून फुटला, २०१८ पर्यंत दोन वेगळे गट झाले, आणि एके काळी एकमेकांच्या पाठी विंचरणारे आता एकमेकांना ठार मारू लागले. तांबड्या कोलोबसची शिकारही न्गोगोत इतकी झाली की त्यांची तिथली संख्या घसरली. मी हे मुलांना शिकवलं असतं तर लपवून शिकवलं नसतं. सकाळी तो नर माझ्या जवळून गेला तेव्हा मला हे सगळं ठाऊक होतं, आणि तरी त्याच्यावरची माया कमी झाली नाही.

रात्री पुन्हा जंगलात, विजेऱ्या घेऊन. बुशबेबी या चिमुकल्या निशाचरांचे डोळे नारिंगी चमकतात आणि क्षणात दुसऱ्या फांदीवर असतात. पॉटो सापडायला तासभर गेला. लोकरी अंगाचा, फांदीला घट्ट धरून इतका सावकाश सरकणारा की तो हलतोय हे समजायलाही वेळ लागतो. आपल्याकडे तिळारी-दोडामार्गच्या रानात लाजवंती आहे ना, तिच्याच कुटुंबातला.

बुधवार : विवरसरोवरं

विश्रांती. जंगलाच्या पश्चिमेला जुन्या ज्वालामुखींच्या विवरांत साचलेली डझनावारी तळी आहेत. न्यिनांबुगा हे त्यातलं सर्वांत देखणं, वीस हजार शिलिंगच्या नोटेवर तेच आहे. सकाळी ढग बाजूला झाले आणि पलीकडे र्‍वेंझोरीची रांग दिसली, ५१०९ मीटरचं मार्गेरिटा शिखर त्यातच कुठेतरी. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ बर्फ. ते झपाट्याने आक्रसत चाललंय असं सगळेच सांगतात. जेवायला वाफवलेली केळी, मातोके, आणि शेंगदाण्याची आमटी. ह्यांनी दोनदा मागून घेतली.

गुरुवार : सेबिटोली आणि परत

कंपालाचा हमरस्ता किबालेचं उत्तर टोक चिरून जातो. तिथे सेबिटोली नावाचा भाग आहे. सकाळी तिथल्या पायवाटेवर फिरलो. लोएस्टची माकडं दिसली, काळ्या तोंडाला पांढरी दाढी असलेली, जमिनीवरून सावधपणे जाणारी.

सेबिटोलीच्या चिंपांझींचा अभ्यास एक फ्रेंच चमू करतो. त्यांचे कॅमेरे सांगतात की इथले चिंपांझी रात्री, अंधारात, शेजारच्या मक्यात उतरतात. चिंपांझी रात्री बाहेर पडतात हे आधी फारसं कोणी मानत नव्हतं. आणि दुसरी गोष्ट अशी की इथल्या काही चिंपांझींची आणि बबूनची तोंडं जन्मतः बिघडलेली आहेत, नाकपुड्या चपट्या किंवा नसल्यासारख्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात संशयाचं बोट कीटकनाशकांकडे आहे. आसपासच्या शेतांतल्या मातीत, पाण्यात, मक्यात त्यांनी काय सापडतं ते तपासलं. त्या यादीत क्लोरपायरीफॉस होतं. आमच्या खोपीतल्या फळीवर त्याची बाटली आहे. गेली कित्येक वर्षं कलमांच्या खोडाला तेच लावतोय. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. क्येंजोजोपर्यंत आम्ही कलमांना दुसरं काय लावता येईल याबद्दलच बोलत होतो.

मुबेंडेनंतर भाच्याचा फोन आला. "मावशी, आता पुढच्या वेळी गोरिला ना?" गोरिला नक्की बघण्यासारखे असणार. पण मला पुन्हा किबालेलाच यायचंय, आणि त्या वेळी पूर्ण दिवसासाठी. तशी सोय आहे: अजून माणसांची पुरती सवय न झालेल्या टोळीबरोबर संशोधक आणि ट्रॅकर पहाटेपासून, घरट्यातून उठल्यापासून फिरतात, आणि मोजक्या लोकांना बरोबर नेतात. खर्च जास्त, चालणं पुष्कळ. ज्यांना जायचंय त्यांनी जून ते ऑगस्ट किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी असा कोरडा हंगाम धरावा आणि परमिट काही महिने आधी काढावं. लहान मुलांना नेत नाहीत. बिगोडीला मात्र त्यांना जरूर घेऊन जा, आणि तिथल्या बायकांनी विणलेल्या टोपल्या थेट त्यांच्याकडूनच घ्या.